माफीचा रविवार

लिक फोर्क, टेनेसी
९ एप्रिल

डॉयल,

मोठ्या बहिणीने पत्राच्या सुरुवातीला चार गोड शब्द लिहावेत. ते लिहिणारा हात सध्या प्लास्टरमध्ये आहे, तेव्हा नुसत्या नावावर भागव. हे डाव्या हाताने लिहितेय. अक्षराला हसू नकोस, तुझं उजव्या हाताचंही याहून बरं कधी नव्हतं.

तुरुंगात आलेलं पत्र आधी तिथला शिपाई वाचतो म्हणे. वाचू दे. बहुतेक तो होबर्टचा मुलगा असेल. बाळा, शाळेच्या कँटीनमध्ये तुला मीच वाढत होते आणि तू गाजरं टेबलाखाली टाकायचास ते मला दिसत होतं. आता वाचून झालं असेल तर निमूटपणे पत्र माझ्या भावाला दे.

तुझी चिठ्ठी मिळाली, डॉयल. 'तो अपघात होता' असं पानभर लिहिलंयस. रस्त्यात अचानक हरीण आडवं येतं त्याला अपघात म्हणतात. मी म्हटलं, डार्लाला फोन करून कार्लीनचं सगळं सांगते. तू माझ्या हातातला फोन ओढलास, मी सोडेना, मग तू मनगटच पिरगळलंस. कार्लीन तुझी लग्नाची बायको. तिला मारलंस म्हणून कोर्टाने तुला दोनदा दोषी धरलं, शेवटी ती बिचारी घटस्फोट घेऊन राज्य सोडून गेली. आता डोंगरापलीकडची ही डार्ला तुझ्याशी लग्नाला तयार झालीय आणि तिला यातलं काहीच ठाऊक नाही. तिने काही न कळता तुझ्या घरात पाऊल टाकावं, हे मला बघवत नव्हतं. एवढंच बोलले मी.

आणि तरी इस्पितळात मी पायऱ्यांवरून पडले म्हणूनच सांगितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही आपल्या घरची जुनी सवय. हाडाचा फोटो काढणाऱ्या पोरीने तो उजेडात धरला आणि म्हणाली, "मिस नेल्डा, पायऱ्या कुणाचा हात पिरगळत नाहीत." मग तिने शेरीफच्या माणसाला बोलावलं. मी नाही बोलावलं. पण तो आल्यावर खोटंही बोलले नाही, हे तुला माहीत असलेलं बरं.

डोंगरात रानकांदा फुटलाय. आठवतं का, तू मुद्दाम कच्चा खाऊन शाळेत जायचास, म्हणजे वासाला कंटाळून बाई घरी पाठवायच्या? तुला पोचवायला मलाही सुट्टी मिळायची. घरी जातंय कोण! ओढ्यात पाय सोडून बसायचो आपण, आणि तू चर्चमधली गाणी खर्जात म्हणायचास. एवढासा पोरगा, आणि आवाज बाबांचा. यंदा मी रानकांदा आणायला गेले नाही. एका हाताने उकरता येत नाही.

नेल्डा


२ मे

डॉयल,

परवा सरकारी वकिलांच्या कचेरीतली बर्लसनबाई घरी आली होती. टॉमी बर्लसनची सून, शाळेत असताना वेण्या घालायची ती. कॉफी घेतली, सफरचंदाचा केक दोनदा मागून घेतला आणि मग हळूच कामाचं काढलं.

राज्याने आता एक यादी काढली आहे. घरच्याच माणसांवर पुन्हा पुन्हा हात टाकणाऱ्यांची. नाव, फोटो, जिल्हा आणि शिक्षा कधी झाली ते. कुणीही आपल्या फोनवर उघडावी आणि बघावी. तू गुन्हा कबूल करणार म्हणालायस, हा तुझा तिसरा, म्हणजे तुझं नाव त्यात बसतं. पण आपल्याकडे ते आपोआप चढत नाही. ज्याला मार बसला त्याला आधी विचारतात, आणि तो हो म्हणाला तरच नाव जातं. म्हणजे मला विचारणार. आठ जूनला तू न्यायाधीशांसमोर उभा राहशील, त्याच्या आत माझं उत्तर द्यायचंय. तुझी गाडी, तुझे मळके मोजे, तुझं रात्रीचं जेवण, इतकी वर्षं सगळं माझ्याच गळ्यात होतं. त्यात आता तुझं नावही आलं.

तुझ्या वकिलाने तुलाही सांगितलेलं दिसतंय, कारण तुझं पत्र दुसऱ्याच दिवशी आलं. 'नाही म्हण, नेल्डा. डार्ला सगळं फोनवर शोधते. तिला ते दिसलं की माझं संपलं. मी छप्पन वर्षांचा आहे, आता कोण मला विचारणार?' वाचून वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. आईने जाताना तुझा हात माझ्या हातात दिला होता.

आज सकाळी आर्विल पाद्रीही येऊन गेले. तुझी त्यांच्याशी भेट झाली म्हणे, तू फार रडलास म्हणे. ते म्हणाले, "सिस्टर नेल्डा, सरकारला माफीतलं काय कळतंय? आपल्या चर्चमध्ये हे आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलोय." सतरा मेला सगळे गावी येतात, थडगी सजवतात, त्याच दिवशी ते तुझं माफीचं पत्र वाचणार. तुला काही सोडणार नाहीत, तेव्हा तुझ्या जागी मी पुढे उभी राहायचं आणि मंडळींनी मला हात द्यायचा. मग विषय संपला. यादीला नाही म्हणून कळवायचं.

ऐकून मला बरंच वाटलं. चर्चमधला तो रविवार डोळ्यांपुढे आला. आदल्या शनिवारी चर्चच्या सभेत पाद्र्यांनी बाबांचं नाव वाचलेलं असायचं, दारू आणि घरातला दंगा म्हणून. रविवारी बाबा इस्त्रीचा सदरा घालून पुढे जायचे, म्हणायचे, चुकलं माझं. सगळी मंडळी गात गात ओळीने जायची आणि त्यांचा उजवा हात हातात घ्यायची. बाबा रडायचे आणि रडता रडताच खर्जात सूर धरायचे, बाकं थरथरायची. मग ओकच्या झाडांखाली लांब टेबलं, तळलेली कोंबडी, शेंगाभाजी, आईचा सात थरांचा केक. घरी येताना बाबा तुला खांद्यावर घ्यायचे आणि दुकानात थांबून आपल्याला गार सोड्याची बाटली द्यायचे, वरून मूठभर खारे दाणे टाकून. वर्षातला तेवढाच एक दिवस ते आपल्याला काहीही मागू द्यायचे.

एकदा तू खांद्यावरूनच त्यांना विचारलंस, "बाबा, तुम्ही परत कधी माफी मागणार?" सहा वर्षांचा होतास. तुला सोडा हवा होता, दुसरं काय. बाबा इतके हसले की तू पडता पडता वाचलास. आईसुद्धा हसली.

मी आर्विल पाद्र्यांना हो म्हटलंय. सतराला उभी राहीन. यादीचं अजून कुणालाच काही म्हटलेलं नाही.

नेल्डा


११ मे

डॉयल,

हाड सरळ जुळलं नाही म्हणून डॉक्टरने पुन्हा प्लास्टर घातलं. ते असो. लिहायचं कारण वेगळं आहे आणि तुला ते आवडणार नाही.

मी डार्लाला फोन केला. तिचं कुत्र्यांचे केस कापायचं दुकान आहे, दुकानाचा नंबर शोधायला काय लागतंय? माझा विचार असा होता की बाईने बाईला सरळ सांगून टाकावं, म्हणजे यादीची भानगडच नको. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही.

मी कोण ते सांगितल्यावर ती इतकी आनंदली की मलाच कसंतरी झालं. आवाज गोड आहे पोरीचा. मागे एक कुत्रं केकाटत होतं, त्याला दटावत दटावत बोलत होती. तू बिनपरवान्याची गाडी चालवलीस आणि दंड भरला नाहीस म्हणून आत आहेस, असं तिला वाटतंय. तिने तुझ्यासाठी खोलीला रंग दिलाय. मग तिने माझ्या हाताची चौकशी केली. "पायऱ्यांवरून पडलात ना, मिस नेल्डा? डॉयल सांगत होता. या वयात जपायला हवं हो."

माझंच खोटं, माझ्याच कानावर आलं. मी म्हटलं, पायऱ्या नाहीत, तुझा डॉयल. आणि मग कार्लीनचंही सांगितलं, जेवढं जमलं तेवढं. तिचं कुत्र्याला दटावणं थांबलं. मला वाटलं, सुटलो आपण.

मग ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "तो म्हणालाच होता, तुम्ही असं काहीतरी सांगाल. त्याने घरातून जाऊ नये असं तुम्हाला वाटतं ना? मला समजतं. एकटं राहणं अवघड असतं." आणि माझ्यासाठी प्रार्थना करीन म्हणाली.

मी तिच्यावर चिडले नाही. तिच्या बाजूला लग्नाचं वचन देणारा पुरुष, आणि माझ्या बाजूला कधी न पाहिलेली एक म्हातारी नणंद. मी तिच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं. मी तुझ्यावर चिडले. हात मोडल्यावर नव्हते चिडले एवढी. दारूच्या भरात माणूस हात पिरगळतो, पण बहीण खोटं बोलेल हे आधीच सांगून ठेवायला शुद्धीत असावं लागतं.

रविवारचं मात्र मोडणार नाही. शब्द दिलाय.

नेल्डा


१८ मे

डॉयल,

काल तुला माफी मिळाली. वृत्तान्त कळवते.

ऊन छान होतं. आईबाबांच्या थडग्यांवर मी नवी फुलं खोवली, दोघांना सारखीच. ओहायोहून पहिल्यांदा आलेली पोरं होती, त्यांना कुणाचं काय ते ठाऊकच नव्हतं. आर्विल पाद्र्यांनी मला पुढे बोलावलं आणि तुझं पत्र वाचलं. चांगलं लिहिलंयस. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. 'मी देवाचा अपराधी आहे, मी या मंडळींचा अपराधी आहे.' मी वाट बघत होते, पण त्याच्या पुढे काही आलंच नाही. देवाचा अपराधी असशील, डॉयल. मनगट माझं होतं.

मग गाणं सुरू झालं आणि ओळ लागली. पंचाईत अशी की हात द्यायचा तो उजवाच, पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे, आणि माझा उजवा प्लास्टरमध्ये. कुणी प्लास्टरलाच थोपटलं, कुणी डावा धरला, कुणी नुसतीच मान हलवली. विल्बर ओळीत अर्ध्यावर होता. माझ्यापुढे येऊन थांबला आणि कळवळून म्हणाला, "अगं, हाताला काय करून घेतलंस?" मी म्हटलं, "विल्बर, तू ज्याची माफी द्यायला आलायस ना, तेच." तो बिचारा लालबुंद झाला. तरी थोपटून गेला.

सगळ्यात शेवटी झेला आली, आईची मैत्रीण. नव्वदी उलटलीय, दोन्ही हात पर्सच्या मुठीवर. पर्स काही सोडेना. मला वाटलं, तोल जाईल म्हणून. गाणं चालू होतं म्हणून तिने मला खाली वाकायला लावलं आणि कानात बोलली.

"पोरी, तुझ्या बापाला हा हात मी किती वेळा दिला, त्याची गणती नाही. दर वेळी तुझी आई मागच्या बाकावर बसलेली असायची. इतकी माणसं होतो आम्ही. पण एकानेही मागे वळून तिला विचारलं नाही, की बाई, तुझं काय म्हणणं आहे? मीही नाही विचारलं. आज मी हात देणार नाही. राग मानू नकोस."

आणि गेली बटाट्याच्या कोशिंबिरीकडे.

मला जेवण गेलं नाही. ओकखाली बसून मी त्या पोराटोरांना बघत होते. मागे एका पत्रात मी तुला लिहिलं की आईसुद्धा हसली. अर्धंच लिहिलं. ती हसली तेव्हा तिने तोंडावर रुमाल दाबून धरला होता, कारण ओठाला टाके होते आणि हसल्याने ते ओढले जात होते. मला तेव्हाही दिसलं होतं. मी नऊ-दहा वर्षांची नव्हते, चांगली तेरा वर्षांची होते. पण हातात सोड्याची बाटली होती, आणि तो दिवस इतका चांगला चालला होता. मी पन्नास वर्षं तो दिवस रुमालाशिवायच आठवत आलेय.

मला तो दिवस अजूनही आवडतो, डॉयल. काय करू? त्या एका दिवशी आपलं घर घरासारखं असायचं. पण त्या दिवसाची किंमत कोण देत होतं, ते आता डोळ्यांआड करता येईना.

नेल्डा


३ जून

डॉयल,

सोमवारी कोर्टात तुला कळेलच, पण ते परक्याच्या तोंडून कळू नये. म्हणून हे पत्र टपालात न टाकता मी स्वतः तुरुंगाच्या खिडकीत देणार आहे. तुला भेटणार मात्र नाही. तू रडलास तर माझा निश्चय राहणार नाही, आणि ते तुला पक्कं ठाऊक आहे.

आधी घरचं सांगते. तुझी कपड्यांची पेटी मी चुलतभावाकडे पोचवलीय. सुटलास की तिकडे राहा. माझ्याकडे राहायला यायचं नाही. जेवायला ये, रविवारी दुपारी, आणि शुद्धीत असशील तर. बटाटे तू लावलेत, ते खाल्ल्याशिवाय तुला कसं पाठवू? मी जिवंत आहे तोवर तुला बहीण आहे. पण छप्पर वेगळं.

आज मी बर्लसनबाईच्या कचेरीत गेले. नाव गेलं तर कसं दिसेल ते तिने मला दाखवलं. तुझा अटकेच्या दिवसाचा फोटो होता. बघून मी खुर्चीत मागे सरकले, कारण ते थेट बाबा होते. आपल्या घरात बाबांचे जेवढे फोटो आहेत त्या सगळ्यांत ते हसताहेत, नाही तर गाताहेत. हा चेहरा कुणी काढून ठेवला नाही. तो फक्त आईने पाहिला होता, आणि दाराच्या फटीतून आपण दोघांनी. तू माझ्या पोटाला डोकं लावून उभा असायचास. मी तुझे कान झाकायची. तुला हे आठवतं की नाही, मी कधी विचारलं नाही. त्या पोराची मला इतकी कीव येते की सांगता येत नाही. पण तो पोरगा डार्लाच्या घरी राहायला जाणार नाहीये. छप्पन वर्षांचा माणूस जाणार आहे.

तिला मी सांगून पाहिलं. माझं ऐकायचं नाही, हे तू तिला शिकवून ठेवलंस. आता तिला वाचायचं तर वाचेल, आणि तरीही तुझ्याशीच लग्न करायचं तर करेल. निदान माहीत असून करेल.

तू म्हणशील, रक्ताच्या बहिणीने भावाला चव्हाट्यावर आणलं. गावही म्हणेल. आर्विल पाद्र्यांना काल फोनवर माझा विचार सांगितला, तर ते म्हणालेच, की मंडळींनी दिलेला हात मी मागे ढकलला. मी त्यांना म्हटलं, तुम्ही त्याला माफ केलंत, ते तुमच्याजवळ राहू दे. मीही केलंय. पण डार्ला त्या ओळीत नव्हती. नाव जाईल त्या दिवशी मी दुकानात तोंड कुठे लपवू ते मला ठाऊक नाही. आडनाव आपलं एकच आहे.

बर्लसनबाईने पेन खाली ठेवलं. तिने घाई केली नाही, भरीस घातलं नाही. म्हणाली, "मिस नेल्डा, तुम्ही नाही म्हणालात तरी कुणी तुम्हाला दोष देणार नाही. तुमचं काय म्हणणं आहे?"

कचेरीतला रोजचा प्रश्न. दिवसातून कितीजणींना विचारत असेल. आणि मला रडू आवरेना. तिला वाटलं हात दुखतोय, ती पाणी आणायला उठली. मी तिला खाली बसवलं. मला आई दिसत होती, मागच्या बाकावर, मांडीवर केकचा डबा घेऊन. तिला कुणी विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती, देव जाणे. कदाचित बाबांच्याच बाजूने बोलली असती. फार जीव होता तिचा त्यांच्यावर. पण विचारायला हवं होतं, डॉयल.

मला विचारलं. मी हो म्हटलं. मग डाव्या हाताने सही केली.

तुझी बहीण,
नेल्डा